सात महिन्यांत चार वेळा गळलेला क्लच सिलिंडर

जूनचा दुसरा आठवडा. संध्याकाळी सहाच्या सुमारास नानांची पिकअप आमच्या नारायणगावच्या गॅरेजसमोर आली ती दुसऱ्या गिअरमध्येच. नानांनी क्लच न दाबता सरळ चावी फिरवली आणि गाडी हिसका देऊन दारातच उभी राहिली.

आदल्या रात्री नाना टोमॅटोचे सत्तर क्रेट भरून वाशीच्या मार्केटला निघाले होते. ओतूर, मढ करत माळशेज उतरले तोवर सगळं ठीक होतं. मुरबाड सोडल्यावर पेडल मऊ लागायला लागलं. कल्याणच्या रांगेत पहिला गिअर अडकून पडायला लागला आणि वाशीला गाडी मागे लावताना रिव्हर्स कर्र करून ओरडला. माल उतरवून परत निघाले, तर टोकावड्याच्या अलीकडे पेडल पार खाली बसलं आणि वर यायचंच नाव घेईना. नाना पायाच्या अंगठ्याने ते वर ओढत होते. पुढे धुक्यात अख्खा माळशेज घाट त्यांनी एकाच गिअरमध्ये चढून काढला.

गाडी उभी राहिली की इंजिन बंद करायचं, पहिला गिअर टाकायचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारायचा, ही युक्ती जुन्या चालकांना माहीत असते. पुढचे गिअर इंजिनचा वेग जुळवत टाकता येतात. रिकामी गाडी सपाट रस्त्याने घरी आणायला ते चालतं. भरलेली गाडी घेऊन घाटात हे करू नये. एकदा न्यूट्रलला गेलेली गाडी उतारावर परत गिअरमध्ये घेता आली नाही, तर इंजिनचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. नाना वर येताना रिकामे होते, हे नशीब.

"मेस्तरी, परत तोच खालचा सिलिंडर," नाना म्हणाले. "मे महिन्यात नवा टाकलाय. तीन आठवडे नाही झाले."

मी क्लचच्या ऑइलची बाटली पाहिली. तळाला काळपट थर उरला होता. गाडीखाली गेलो तर गिअरबॉक्सच्या कुशीत बसवलेल्या सिलिंडरचं डस्ट कव्हर ओलं होतं. कव्हर मागे सारताच चमचाभर काळं ऑइल हातावर आलं. गळती तिथेच होती. नवा सिलिंडर लावला असता तर तासाभरात गाडी बाहेर पडली असती. पण चौथ्यांदा तेच करायला हात धजावेना, कारण नानांनी सांगितलेला मागचा इतिहास सरळ नव्हता.

मागचे सात महिने

नोव्हेंबरात, गाडी एक लाख चाळीस हजार किलोमीटर चालल्यावर, दुसऱ्या एका गॅरेजात नानांनी पूर्ण क्लच सेट टाकून घेतला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. खालच्या सिलिंडरला तेव्हा कुणी हात लावला नाही, कारण तो गळत नव्हता. डिसेंबरच्या शेवटी तो गळायला लागला. किट टाकलं, म्हणजे आतला, ऑइल अडवून धरणारा रबरी कप आणि डस्ट कव्हर बदललं. फेब्रुवारीत पुन्हा गळला, पुन्हा किट. मेमध्ये तिसऱ्यांदा गळल्यावर मेकॅनिकने हात टेकले आणि नवा सिलिंडर लावला. तोही जूनमध्ये गेला.

नानांना वाटत होतं की किट डुप्लिकेट होतं. तसं असूही शकतं. डुप्लिकेट माल बाजारात आहेच. पण मला एक गोष्ट खटकली. एक लाख चाळीस हजार किलोमीटर मुकाट चाललेला सिलिंडर नवा क्लच बसल्यावर दीड महिन्यात का गळावा? नव्या प्लेटमुळे तर पेडल हलकं होतं आणि सिलिंडरवरचा ताण कमी होतो.

इथे यंत्रणा आतून कशी चालते ते सांगावं लागेल, कारण सगळं प्रकरण त्यातल्या एका गोष्टीवर फिरतं.

सव्वाचार मिलिलिटरचं काम

पेडलला जोडलेला वरचा सिलिंडर म्हणजे मास्टर. त्याच्यापासून एक पाइप आणि रबरी होज खाली येतो आणि गिअरबॉक्सपाशी खालच्या सिलिंडरला, म्हणजे स्लेव्हला मिळतो. स्लेव्हचा पिस्टन पुश रॉडला ढकलतो, रॉड फोर्क नावाच्या तरफेला, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायाफ्रॅमच्या, म्हणजे थाळीसारख्या स्प्रिंगच्या, बोटांवर दाब देतं. मग प्लेट सुटते.

या गाडीचा मास्टर पाऊण इंचाहून थोडा बारीक, ५/८ इंचाचा, म्हणजे १५.८७ मिलिमीटर, खालचा ३/४ इंचाचा, १९.०५ मिलिमीटर. क्षेत्रफळाचं गुणोत्तर १.४४ पडतं. पायाने दहा किलो जोर दिला तर पेडलच्या तरफेने मास्टरवर साठ किलो येतो आणि खालच्या पिस्टनवर सुमारे ८६ किलो. पाइपमधला दाब चौरस सेंटिमीटरला तीस किलोच्या घरात जातो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या टायरात जेवढी हवा असते, त्याच्या सहा-सात पट.

जोर वाढतो तेवढी चाल घटते. मास्टरचा पिस्टन २२ मिलिमीटर सरकला तर खालचा सुमारे १५ सरकतो. या सगळ्यात जागा बदलणारं ऑइल किती, तर सव्वाचार मिलिलिटरच्या आसपास. औषधाचा लहान चमचाही भरत नाही. म्हणून लाइनमध्ये एक मिलिलिटर हवा शिरली तरी जवळजवळ पावभर चाल गेली, कारण हवा दबून जाते आणि पिस्टन तेवढा हलत नाही. क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर ओरडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. असल्या क्लचला बाहेरून ॲडजस्टमेंट नसते. स्लेव्हच्या आत एक हलकी स्प्रिंग असते, ती पिस्टन, रॉड, फोर्क आणि बेअरिंग यांना एकमेकांना टेकवून ठेवते. क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायाफ्रॅमची बोटं उलट, गिअरबॉक्सकडे, मागे येतात. झीज एक मिलिमीटरची झाली तर बोटं तीन-चार मिलिमीटर मागे येतात, कारण डायाफ्रॅम स्वतःच एक तरफ आहे. फोर्कची तरफ त्यात आणखी भर घालते. हा सगळा सरकाव शेवटी रॉडमार्गे पिस्टनवर येतो आणि पिस्टन नळीत खोल ढकलला जातो.

म्हणजे क्लच जसजसा जुना होतो तसतसा खालच्या सिलिंडरचा पिस्टन आपली जागा सोडून आत आत सरकत राहतो. पाच-सहा वर्षांत तो दहा-बारा मिलिमीटर आत जाऊन काम करत असतो. नळीचा तोंडाकडचा जो भाग त्याने सोडला, तो कपच्या मागे, कोरड्या बाजूला उघडा पडतो. डस्ट कव्हरच्या फटीतून गेलेली धूळ, पावसाळ्यातली ओल, खळग्यातलं पाणी, सगळं तिथे साचतं. बिडाची नळी असेल तर गंज धरतो, ॲल्युमिनियमची असेल तर पांढरी पूड येऊन खड्डे पडतात.

आणि मग एक दिवस नवा क्लच सेट बसतो. प्लेट पुन्हा पूर्ण जाडीची, बोटं पुन्हा पुढे. स्प्रिंग पिस्टनला बाहेर लोटते आणि रबरी कप थेट त्या गंजलेल्या पट्ट्यावर येऊन उभा राहतो. पुढचं प्रत्येक पेडल म्हणजे त्या रबराला कानशीने घासणं.

नव्या क्लचनंतर महिन्या-दोन महिन्यांत खालचा सिलिंडर गळला, असं अनेकदा ऐकू येतं. लोक नव्या क्लचला दोष देतात. माझं मत स्पष्ट आहे: लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीचा क्लच सेट बदलताना खालचा सिलिंडर उघडून त्याचा तोंडाकडचा भाग पाहिलाच पाहिजे. गिअरबॉक्स उतरवलेला असताना ते दहा मिनिटांचं काम आहे.

सीटखालचं फडकं

हे अनुमान झालं. पुरावा जुन्या सिलिंडरमध्येच मिळणार होता, आणि तो बहुधा भंगारात गेला असेल असं धरून मी नानांना विचारलं.

"जुनं सामान मी देत नाही कुणाला," असं म्हणत नानांनी सीटखालच्या पेटीतून एक तेलकट फडकं काढलं. आत जुना बिडाचा सिलिंडर, त्याचा पुश रॉड आणि दोन्ही वेळचे काढलेले रबरी कप. नानांचे मी मनापासून आभार मानले. काढलेला भाग ग्राहकाने मागून घ्यावा आणि मेकॅनिकने तो न मागता द्यावा, असं मला नेहमी वाटत आलंय.

जुनी नळी टॉर्चखाली धरली. आतला खोल भाग आरशासारखा. तोंडापासून आत, एका स्पष्ट रेषेपर्यंत, तपकिरी पट्टा. त्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे होते, म्हणजे आधीच्या मेकॅनिकला गंज दिसला होता आणि त्याने तो घासायचा प्रयत्नही केला होता. पण खड्डे तसेच राहिले होते. नखाचं टोक फिरवलं तर तीन ठिकाणी अडलं. गंजाचे खड्डे पॉलिश पेपरने जात नाहीत. ते जाईपर्यंत घासलं तर नळी मोठी होते आणि कप सैल पडतो. अशा नळीत कितीही चांगलं किट टाकलं तरी ते टिकणार नाही.

दोन्ही कपांच्या ओठांवर त्याच खड्ड्यांच्या जागी चिरा होत्या. दुसरा कप शिवाय फुगलेला. बोटांत दाबला तर ओल्या पावासारखा मऊ लागला. नानांना विचारलं, सिलिंडर कशाने धुतला होता? "डिझेलनी. टबात बुडवून." हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्याचं नुकसान कुणी धरत नाही. क्लचच्या लाइनमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि त्यासाठी केलेली रबरं बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराची असतात. ग्लायकॉलवर आधारलेल्या ब्रेक ऑइलमध्ये ती वर्षानुवर्षं राहतात, पण डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांचा अंश लागला तरी फुगतात आणि ओठाची धार जाते. ब्रेकचे आणि क्लचचे आतले भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने धुवावेत. डिझेलचा टब गिअरबॉक्सच्या गिअरांसाठी ठीक आहे.

पहिल्या तीन गळत्यांचा उलगडा असा झाला. चौथीचा मात्र नाही. मेमध्ये बसवलेल्या सिलिंडरची नळी कोरी करकरीत होती, गंज असायचा प्रश्नच नव्हता.

नऊ मिलिमीटर

तो सिलिंडर मी रात्रीच उतरवून टेबलावर उघडला. कप फुगलेला नव्हता. पण त्याचा ओठ एकाच बाजूने, खालच्या बाजूने, झिजून पातळ झाला होता. नळीच्या तोंडाशी त्याच बाजूला चंद्रकोरीसारखी एक चकाकती रेघ होती, पिस्टनची कड धातूवर घासल्याची. पिस्टन नळीत सरळ चालत नव्हता, तिरका होऊन चालत होता.

पिस्टन तिरका व्हायला कारण लागतं. फोर्कचा टेकू, म्हणजे ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर फोर्क झुलतो तो, झिजला असेल. फोर्क वाकला असेल. सिलिंडरची बैठक सरळ नसेल. फोर्क हाताने हलवून पाहिला. खडखड नाही, बाजूला सरक नाही. बैठकीवर पट्टी धरली, सरळ. मग दोन्ही सिलिंडर शेजारी ठेवले. बोल्टची भोकं तीच, नळी तीच, ३/४ इंच. पाइपचा आटा तोच. एका खोक्यातला माल दुसऱ्याच्या जागी चटकन बसेल इतकं साम्य.

गॅरेजात हाताखाली असलेल्या पोराने रॉड पुसून दोन्ही एकमेकांना टेकवून उभे केले आणि म्हणाला, "दादा, हा बुटका आहे."

व्हर्निअर लावला. जुना रॉड १०४ मिलिमीटर. नव्या खोक्यातून आलेला ९५.

नऊ मिलिमीटर कमी लांबीचा रॉड लावला की काय होतं? स्प्रिंग पिस्टनला बाहेर ढकलते आणि रॉड फोर्कला टेकतोच. सैलपणा राहत नाही, पेडल छान लागतं, गिअर लोण्यासारखे पडतात. मेमध्ये गाडी हातात आली तेव्हा नानांना काहीच तक्रार नव्हती, आणि त्या मेकॅनिकलाही शंका यायचं कारण नव्हतं. पण पिस्टन आपल्या जागेपेक्षा नऊ मिलिमीटर बाहेर उभा होता. लांब रॉड असता तर स्थिर अवस्थेत पिस्टनचा मागचा काठ नळीच्या तोंडापासून १८ मिलिमीटर आत राहिला असता, आणि १५ मिलिमीटर चाल झाल्यावरही ३ मिलिमीटर आतच. बुटक्या रॉडने तो मुळातच ९ मिलिमीटरवर होता. पेडल पूर्ण दाबलं की ६ मिलिमीटर तोंडाबाहेर. २२ मिलिमीटर लांबीच्या पिस्टनचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग हवेत.

फोर्कचं टोक सरळ रेषेत जात नाही, ते कमानीत फिरतं. त्यामुळे चालीच्या शेवटी रॉड थोडा कलतो आणि पिस्टनला एका बाजूला रेटतो. पिस्टन पूर्ण नळीत असेल तर नळी त्याला सरळ धरून ठेवते. चतुर्थांश बाहेर आलेल्या पिस्टनला ती धरू शकत नाही. वर डस्ट कव्हर त्याच्या क्षमतेपलीकडे ताणलं जात होतं. मागच्या घडीत त्याला चीर गेली होती. जूनचा पहिला पाऊस पडला आणि त्या चिरेतून चिखलाचं पाणी सरळ कपपर्यंत गेलं. या सिलिंडरच्या तोंडाशी सर्क्लिपही नव्हती; पिस्टनला बाहेर पडण्यापासून रोखणारी वस्तू म्हणजे फक्त तो फोर्क. आणखी काही दिवस गेले असते तर पिस्टन निसटून पडला असता, आणि तो कदाचित भरल्या गाडीत निसटला असता.

तो सिलिंडर बनावट नव्हता. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा असावा. दुकानदाराने खोका पाहून दिला, मेकॅनिकने भोकं जुळवून बसवला, आणि जुन्या रॉडचं टोक थोडं चपटं झालेलं पाहून नवा रॉड वापरला. प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केलं. फक्त दोन रॉड शेजारी ठेवून कुणी पाहिले नाहीत.

बदलताना

दुसऱ्या दिवशी चेसिस नंबर देऊन पुण्याहून सिलिंडर मागवला. खोका उघडल्या उघडल्या रॉड मोजला. १०४. सोबत नवा होज घेतला, कारण जुना होज पेडल दाबताना बोटांखाली फुगत असल्याचं जाणवत होतं. मास्टर बदलला नाही. होजचं तोंड बंद करून पेडल मिनिटभर दाबून धरलं तर ते जागच्या जागी घट्ट राहिलं, आणि आत केबिनमध्ये, पेडलच्या दांडीपाशी, ओल नव्हती. मास्टर गळतो तेव्हा बऱ्याचदा बाहेर थेंब पडत नाही. एक तर मॅटखाली ओल येते, नाहीतर कपच्या आतल्या आत दाब सुटून पेडल हळूहळू बसत जातं. या दोन्ही खुणा नसताना मास्टर फेकणं मला पटत नाही.

आधी बाटलीतलं काळं ऑइल सिरिंजने काढून घेतलं. रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून पाण्याचा डबा जवळ ठेवला. पाइपचा नट साध्या पान्याने न धरता पाइप पान्याने, जो नटाला चहूबाजूंनी कवळतो त्याने सोडवला. साध्या पान्याने हे नट गोल होतात आणि मग दहा मिनिटांचं काम दोन तासांवर जातं. नवा सिलिंडर बसवण्याआधी रॉडच्या टोकाला आणि फोर्कच्या खळीत किंचित ग्रीस लावलं. डस्ट कव्हरच्या आत मात्र रबराला चालणारंच लाल ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. बोल्ट आठ मिलिमीटरचे. हाताने आटे धरल्याशिवाय पाना लावला नाही, कारण गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं आणि आटा एकदा गेला की मोठं दुखणं.

बसवल्यावर एअर काढायला घेतली आणि तिथे दीड तास गेला. पोरगा पेडलवर, मी खाली निपलवर, म्हणजे हवा सोडायच्या बारीक तोटीवर. तो उत्साहाने भराभर पेडल मारत होता. भराभर मारलं की हवेचे मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात आणि ऑइलला दुधासारखा फेस येतो. तो फेस निपलपर्यंत येतच नाही. त्याला थांबवलं, अर्धा तास ऑइल शांत होऊ दिलं. मग हळू: दाब, धरून ठेव, मी निपल सोडतो, मी निपल आवळतो, आता पाय उचल. पारदर्शक नळीचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलेलं. वरच्या बाटलीतली पातळी मध्येमध्ये बघायची. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

तरीही पेडल स्पंजासारखंच राहिलं. कारण दिसलं ते नंतर. या गाडीत सिलिंडर तिरका बसतो आणि निपल नळीच्या सर्वांत उंच जागी येत नाही. वरच्या कोपऱ्यात हवेचा एक फुगा अडकून राहतो. शेवटी दोन बोल्ट सोडवले, पाइप न काढता सिलिंडर हातात घेतला, निपल वर येईल असा धरला आणि अंगठ्याने पिस्टन सावकाश आत दाबला. या वेळी पेडलला कुणी पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन बाहेर उडतो. वरच्या बाटलीत गुडगुड करत तीन मोठे बुडबुडे आले. पुन्हा बसवला, दोनदा एअर काढली, पेडल कडक झालं. निपलमधून सिरिंजने ऑइल खालून वर चढवण्याची पद्धतही अशा ठिकाणी उत्तम चालते, कारण हवेला तसंही वरच जायचं असतं. एकट्या माणसाने काम करायचं तर तीच बरी.

ऑइल वरच्या बाटलीच्या झाकणावर लिहिलेलंच घातलं, डॉट ३ प्रतीचं. लाइन पूर्ण धुऊन निघेपर्यंत सुमारे तीनशे मिलिलिटर गेलं. हे ऑइल हवेतली ओल पितं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. क्लचचं ऑइल ब्रेकसारखं तापत नाही हे खरं, पण त्यात शिरलेलं पाणी आतून गंज धरतं, तेच जास्त महत्त्वाचं. म्हणून अर्धवट वापरून महिनोन्महिने फळीवर उघडा पडलेला डबा वापरू नये. सिलिकॉनचं डॉट ५ तर या लाइनमध्ये अजिबात घालायचं नाही. नाव सारखं वाटलं तरी ते ऑइलच वेगळं आहे.

शेवटी मोजमाप. पोराने पेडल पूर्ण दाबलं, मी फोर्कपाशी स्टीलची पट्टी धरली: चाल १५ मिलिमीटर. डस्ट कव्हर सारून व्हर्निअरची बारीक जीभ आत घातली: पेडल सोडलेलं असताना पिस्टनचा काठ तोंडापासून १८ मिलिमीटर आत. मास्टरच्या दांडीला किंचित मोकळीक असल्याची खात्री केली. ती नसली तर मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही, दाब अडकून राहतो आणि नवी प्लेट घसरून जळते. इंजिन चालू करून पेडल दाबलं, तीन सेकंद थांबलो, रिव्हर्स टाकला. आवाज नाही.

नानांनी गाडी बाहेर काढून गल्लीत दोनदा मागेपुढे केली आणि उतरून विचारलं, "आता हा किती दिवस?"

मी सांगितलं, "नाना, पंधरा दिवसांनी या, मग महिन्याने या. पैसे नाही घेणार, फक्त कव्हर उचलून बघायचंय."

पंधरा दिवसांनी कोरडं होतं. महिन्याने पाऊस जोरात असताना आले, तेव्हा बाहेरून चिखल होता आणि आत कोरडं. गणपतीच्या आधी टायर बदलायला आले तेव्हा त्यांनी स्वतःच आठवण करून दिली. कव्हर सारून बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. बाटलीवर जूनमध्ये मार्करने मारलेल्या रेघेवरच ऑइल होतं. मग व्हर्निअर घातला. पिस्टन १९ मिलिमीटरवर उभा होता. प्लेट थोडी झिजली होती आणि तो एक मिलिमीटर आत सरकला होता.